द्राक्ष, शिंदी आणि दारूबंदीचा कायदा

द्राक्षाचा घड वेलीवर असतो तोपर्यंत ते फळ असते. त्याच द्राक्षांचा रस बरणीत आठ दिवस झाकून ठेवला की महाराष्ट्राच्या कायद्याने तो मद्य होतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने (आता त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा असे झाले आहे) मद्याची जी व्याख्या केली, तीत स्पिरिट, वाइन, बियर, ताडी यांच्याबरोबर अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव येतो. परवान्यावाचून तो तयार करणे हा गुन्हा आहे. या राज्यात पिण्याचा परवाना मिळतो, विकत घेण्याचा मिळतो, कारखाना काढण्याचाही मिळतो. घरातल्या उरलेल्या फळांचे स्वतःपुरते चार बाटल्या पेय करू पाहणाऱ्या गृहस्थाला मात्र कायदा हातभट्टीवाल्याच्याच रांगेत उभा करतो.

द्राक्षबागांच्या आणि बालाघाटाच्या उतारावरील सीताफळांच्या धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नाला केवळ तात्त्विक महत्त्व नाही. नाशवंत फळ आणि पडता बाजारभाव यांची सांगड येथील शेतकऱ्याच्या चांगल्याच परिचयाची आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट कोसळली तेव्हा काढणीला आलेले घड मातीत गेले. फुटलेला मणी बाजारात कोणी घेत नाही. पण आंबविण्याला त्याचे काही वावडे नसते. जगात सफरचंदाचे सायडर जन्माला आले ते चैनीपोटी नव्हे. टिकत नाही ते टिकविण्याची ती जुनी शेतकरी युक्ती होती.

आपल्याकडेही ती परकी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे कर्तव्य सांगताना आंब्याचा रस घातलेल्या सुरेचा आणि द्राक्षरसाच्या मद्याचा उल्लेख येतो. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, मद्यावर कडक राजनियंत्रण ठेवणारा हा ग्रंथकार कुटुंबवत्सल गृहस्थांना घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा देतो. द्राक्षासव हे तर आजही औषधाच्या दुकानात मिळते. द्राक्षे, गूळ वा मध आणि धायटीची फुले एवढ्यावर त्याचे आंबणे चालते, आणि त्यातील अल्कोहोल बाहेरून घातलेले नसते, आतच तयार होते. औषध म्हणून कायद्याने त्याला वगळले आहे. म्हणजे प्रक्रिया तीच, फळ तेच. बदलते ते बाटलीवरचे लेबल!

ही प्रक्रिया नीट समजून घेतली पाहिजे, कारण वादातला बराचसा गोंधळ तिच्याविषयीच्या अज्ञानातून येतो. फळाच्या सालीवर किण्व असतेच. ते रसातली साखर खाऊन अल्कोहोल आणि कर्बवायू तयार करते. पिकलेल्या द्राक्षाच्या रसात शेकडा वीसच्या आसपास साखर असते. तिचे फार तर शेकडा दहा-अकरा अल्कोहोल होते. नुसत्या आंबविण्याने शेकडा चौदा-पंधराच्या फार पुढे जाता येत नाही, कारण किण्वच त्यात तग धरीत नाही. हातभट्टीचा मार्ग वेगळा. तेथे गूळ-नवसागराचे रसायन आंबवून ते भट्टीवर ऊर्ध्वपातित करतात, आणि तीव्रता हाच त्या धंद्याचा नफा असतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलमिश्रित दारूने. बरणीत आंबलेल्या फळरसाने माणूस झिंगेल, बूच फार घट्ट बसविले तर बाटलीही फुटेल. पण मालवणी घडविण्याची शक्ती त्या बरणीत नाही. कायदा मात्र दोहोंना एकच शब्द वापरतो.

मराठवाड्याच्या बाबतीत या शब्दाला आणखी एक इतिहास आहे. निजामाच्या राजवटीत अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते आणि शिंदीची झाडे हे त्या उत्पन्नाचे गावोगावचे खांब होते. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात करोडगिरी नाक्यांबरोबर शिंदीच्या झाडांवरही कुऱ्हाड चालली. त्यात गांधीवादी नीतिविचार होता तसाच सरकारच्या तिजोरीवर घाव घालण्याचा व्यवहारही होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे मुंबईचा दारूबंदी कायदाही आला. हैदराबादची अबकारी दारूकडे उत्पन्न म्हणून पाहत होती, मुंबईचा कायदा पाप म्हणून. आजचे सरकार पाप म्हणून परवाना मागते आणि उत्पन्न म्हणून शुल्क घेते. या दोन्ही दृष्टींत शेतकरी कोठेच नव्हता.

तो आला २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणात. नाशिककडे विंचूर आणि सांगलीकडे पलूस येथे वाइन उद्याने झाली, शुल्कात सवलती मिळाल्या. पुढे २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइनविक्रीला संमती दिली, तीही शेतकऱ्याच्याच नावाने. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, हरकती मागविण्यात आल्या आणि निर्णय कागदावरच राहिला. त्या गदारोळात एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेली सोनाका, ताश-ए-गणेश, थॉम्पसन ही खाण्याची द्राक्षे या पट्ट्यात पिकतात. नामांकित वाइनला लागतात त्या शिराझ, काबर्ने, शेनँ ब्लाँ अशा वेगळ्या जाती, आणि त्याही बहुधा करार करूनच लावल्या जातात. तेव्हा दुकानात वाइन ठेवल्याने धाराशिवच्या फुटक्या मण्याला भाव मिळणार होता, हे सिद्ध कोणी केले? लाभ कारखानदाराचा आणि नाव शेतकऱ्याचे, असा हा जुनाच प्रकार होता.

छोट्या प्रमाणावरील फळमद्याची गोष्ट निराळी आहे. तेथे जातीची ऐट लागत नाही. जांभूळ, बोर, डाळिंब, मध, जे असेल ते चालते. पुण्यात अलीकडच्या वर्षांत मधाचे मीड करणारे उद्योग निघाले आहेत, पण शहरातल्या भांडवलावर. ब्रिटनने घरगुती बियरवरील परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने प्रौढास वर्षाला शंभर गॅलनपर्यंत घरी करण्याची मोकळीक मिळाली, विक्रीची नव्हे. त्या दोन देशांत त्यामुळे समाज बुडाला, असे कोणी म्हणत नाही.

परंतु त्या देशांचा दाखला देऊन येथील बाईचे तोंड बंद करता येणार नाही. दारूने घर कसे बसते हे मराठवाड्यातल्या स्त्रीला आकडेवारीवरून कळलेले नाही. २००८ च्या शासन आदेशाने गावातील निम्म्या महिला मतदारांनी कौल दिल्यास दुकान बंद करण्याची तरतूद झाली, ती अशा स्त्रियांच्या रेट्यामुळेच. ‘घरापुरते’ म्हणून सुरू झालेली बरणी पिंपात आणि पिंप भट्टीत केव्हा बदलेल, ही तिची शंका भाबडी नाही. फळमद्याची बाजू मांडणाऱ्या शहरी उत्साहींनी या शंकेला आजवर उत्तर दिलेले नाही. ते बाटलीचा रंग आणि फळाचा सुगंध यांतच रमतात.

म्हणून सवलत द्यायचीच तर ती आंबविलेल्या पेयापुरती असावी, ऊर्ध्वपातनाला तिच्यात जागा नसावी, प्रमाण ठरलेले असावे आणि ज्या गावच्या महिला ग्रामसभेने नको म्हटले तेथे ती लागूच होऊ नये. फळउत्पादक गटाला विक्रीचा छोटा परवाना हवा असेल तर त्याचे शुल्क कारखान्याच्या मापाने आकारू नये. यांपैकी एकाही गोष्टीसाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. मद्य या एका शब्दाखाली कोंबलेल्या भिन्न वस्तू विधानसभेने वेगळ्या करावयाच्या आहेत. ते होईपर्यंत तुळजापूरच्या बाजारात हंगामाच्या शेवटी उरलेले सीताफळ जनावरांपुढे जाईल, आणि काही कोसांवरच्या ओढ्याकाठी गूळ-नवसागराची भट्टी नेहमीप्रमाणे पेटेल.