दहा हजार पावलांचे ओझे

रोज दहा हजार पावले चालण्याचा दंडक वैद्यकशास्त्राने घातलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. तेव्हा तो आकडा गाठता येत नाही म्हणून आपण फिरणेच सोडू नये. उतारवयात त्याहून मोलाचे उद्दिष्ट म्हणजे हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून आज तीनदा उठता आले, तर आठवडाभर तीनच ठेवावे, मग चार. दुपारच्या चहाआधीची वेळ ठरवली की विसर पडत नाही. चक्कर आली वा गुडघा दुखला, तर थांबून डॉक्टरांना विचारावे. घरच्यांनी शेजारी जरूर उभे राहावे, पण हात देण्याची घाई करू नये. आजारपणाने खंड पडलाच, तर पुन्हा दोनपासून आरंभ करावा.