नेपाळ : पाणी उदंड, वीज राजकारणाच्या हाती

हिमनद्यांचे पाणी बारमाही वाहत असलेल्या देशाच्या राजधानीत दिवसाचे सोळा-सोळा तास अंधार असावा, यावर आज कोणाचा विश्वास बसणार नाही. पण २००८-०९ च्या हिवाळ्यात काठमांडूने तो अनुभव घेतला. यादवी संपली होती, राजेशाही गेली होती. वीज मात्र आली नव्हती.

या अंधाराची सुरुवात बरीच आधी झाली. अरुण नदीवरील २०१ मेगावॉटच्या प्रकल्पातून जागतिक बँकेने ऑगस्ट १९९५ मध्ये अंग काढून घेतले. खर्चाचा बोजा आणि पर्यावरणवाद्यांचा विरोध ही कारणे होतीच. पण सत्तेबाहेर असताना प्रकल्पाविषयी शंका घेणाऱ्या कम्युनिस्टांनाच पुढे सरकारात बसून बँकेशी बोलणी करावी लागली, हेही विसरता येत नाही. त्याच नदीवरील प्रकल्पाची नव्या रूपात, ९०० मेगावॉट क्षमतेची, कोनशिला बसली ती थेट २०१८ मध्ये, आणि तीही एका भारतीय सरकारी कंपनीसाठी.

बुढी गंडकीची कथा याहून बोलकी आहे. १२०० मेगावॉटचा हा प्रकल्प जून २०१७ मध्ये प्रचंड यांच्या मावळत्या सरकारने एका चिनी कंपनीला दिला. नोव्हेंबरमध्ये देउबा सरकारने तो काढून घेतला. २०१८ मध्ये ओली यांनी पुन्हा त्याच कंपनीच्या पदरात टाकला आणि २०२२ मध्ये देउबांनी पुन्हा रद्द केला. या चारही निर्णयांत नदी तीच, आराखडाही जवळजवळ तोच. बदलली ती फक्त सिंहदरबारातील माणसे. चिनी सहभाग असलेल्या प्रकल्पांची वीज भारत घेत नाही, हा पेच खराच आहे आणि त्यात दिल्लीचाही वाटा आहे. मात्र आपली वीज विकायची कोणाला, हे आधी ठरवायला नको काय? २००८ पासून एकाही पंतप्रधानाला पाच वर्षांची मुदत पुरी करता आलेली नाही. तेथे वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब कोण मांडणार?

मग भारनियमन संपले कसे? २०१६ च्या सप्टेंबरमध्ये कुलमान घिसिंग वीज प्राधिकरणावर आले आणि काही आठवड्यांतच काठमांडूतले दिवे लागले. भारतातून येणारी वीज वाढली होती, हे खरे. पण काही बड्या उद्योगांना अखंड पुरवठा आणि घरांना काळोख, ही वाटणी त्यांनी मोडली, हे अधिक महत्त्वाचे. म्हणजे टंचाईचा काही भाग तरी वाटपातला होता! पुढे याच उद्योगांकडील जुन्या बिलांच्या वसुलीवरून त्यांचे सरकारशी खटके उडाले आणि मार्च २०२५ मध्ये ओली सरकारने त्यांना दूर केले. सहा महिन्यांत तरुणांच्या उठावाने ते सरकारच कोसळले आणि हंगामी सरकारात घिसिंग ऊर्जामंत्री झाले.

आज नेपाळ पावसाळ्यात भारताला वीज विकतो, ही मोठीच मजल आहे. तरीही राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाव हिश्श्याएवढा पैसा आखाती देशांत, मलेशियात आणि इतरत्र राबणारे नेपाळी घरी पाठवतात. बुढी गंडकीच्या नावाने २०१६ पासून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे पाच रुपयांचा कर बसला. धरणाच्या आधी कर आला आणि तो जनता भरत राहिली.