डोंगरउताराची लेक

वाचकहो, सायकलीच्या दुकानात मागच्या चाकाचे हब उघडताना आपण कधी पाहिले आहे काय? कारागीर आतील काळवंडलेले ग्रीस पुसून काढतो, छर्रे स्वच्छ करतो आणि नवे ग्रीस भरतो. या साध्या कामावरून एका शर्यतीस नाव मिळाले, आणि त्या शर्यतीच्या उतारावर माझी अत्यंत आवडती सायकल घडली. तिचे नाव ब्रीझर.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मरीन भागात टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात तेथील काही तरुणांस एक वेगळाच छंद जडला. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, जाड टायरांच्या, वजनदार श्विन सायकली ते जुन्या बाजारातून मिळवीत, अनावश्यक भाग उतरवून ठेवीत आणि डोंगरातील कच्च्या वाटांनी भरधाव खाली येत. या सायकलींस ते कौतुकाने ‘क्लंकर’, म्हणजे खटारा, म्हणत.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ या खटाऱ्यांची शर्यत झाली. सुमारे तीन किलोमीटरांत वाट जवळजवळ चारशे मीटर खाली उतरे. ब्रेक मागच्या हबमध्येच असे आणि पेडल उलटे दाबले की लागे. पायथ्याशी पोहोचेपर्यंत हब इतके तापे की ग्रीस जळून धूर निघे, व ते पुन्हा भरावे लागे. म्हणून वाटेचे व शर्यतीचे नाव पडले ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे.

जुने सांगाडेही असल्या माराने मोडत. तेव्हा शर्यतीचे संयोजक चार्ली केली यांनी आपले मित्र जो ब्रीझ यांस नवा सांगाडा बनविण्यास सांगितले. ब्रीझ स्वतः शर्यतपटू आणि सांगाडे घडविणारे कारागीर. १९७७ साली त्यांनी पहिली ब्रीझर तयार केली; १९७८ पर्यंत अशा दहा झाल्या.

मला मोह पडतो तो त्यांच्या विवेकाचा. जुन्या श्विनची ठेवण उतारावर स्वाराला सांभाळून नेई. ती त्यांनी राखली. जाड टायरही ठेवले. मात्र सांगाड्यास क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या मजबूत नळ्या वापरल्या, बळकटीसाठी दोन आडव्या नळ्या पुढून मागपर्यंत नेल्या, आणि ब्रेक हबमधून काढून चाकाच्या रिमवर आणले. गिअरांमुळे ही सायकल डोंगर चढूही लागली.

पुढे १९७९ साली टॉम रिची यांनी बनविलेले सांगाडे घेऊन गॅरी फिशर व केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ या नावाने व्यवसाय मांडला. १९८१ साली ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टंपजंपर’ आली आणि कारखान्यात बनलेली डोंगरी सायकल सामान्य ग्राहकाच्या हाती पडली. म्हणून या सायकलीचे जनकत्व एकट्या कुणास देणे न्यायाचे होणार नाही. त्या उतारावर पडलेल्या, मोडलेल्या आणि पुन्हा ग्रीस भरणाऱ्या सर्वांचा तीत वाटा आहे.

आपल्या घरातही एखादी वस्तू वारंवार बिघडत असेल. ती टाकून देण्यापूर्वी मुलांसह उघडून पाहावी. तिचे काय मोडते आणि काय इतकी वर्षे टिकून राहिले आहे, या दोन्ही गोष्टी नीट पाहाव्यात. ब्रीझरचा जन्म अशाच पाहण्यातून झाला.