फावल्या वेळी : जीपला वय चढवताना

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन झालं. मामंजींची जीप त्यांना भेट द्यावी असं फार मनात होतं. निफाडकडच्या द्राक्षबागेत वर्षानुवर्षं राबलेली ती जीप केव्हाच विकली गेली. म्हणून प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच मागवला आणि जोडायला बसले. ‘हे मुलांचं काम’ असं म्हणू नका. ज्या हाताला रांगोळीची रेघ आणि करंजीची मुरड जमते, त्याला हेही जमतं.

गंमत म्हणजे आपल्याकडे जीप आली तीही अशीच. १९४७ साली महिंद्र कंपनीने विलीसच्या पहिल्या ७५ जीप सुट्या भागांतच अमेरिकेहून आणल्या होत्या. पुढे याच कंपनीचा कारखाना आपल्या नाशकात, सातपूरला उभा राहिला.

माझा संच १:२४ प्रमाणाचा. खरी जीप साधारण ३.३ मीटर लांब, म्हणजे ही १४ सेंटीमीटर. महायुद्धातली गाडी असल्यामुळे तिचं स्टिअरिंग डावीकडे आहे, आपलं उजवीकडे. तेवढं चालवून घेतलं.

रंगकाम असे करावे :

१. सुटे भाग भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावेत. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही.

२. आधी अस्तर, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. एकच जाड हात दिला की ओघळ येतात. प्रत्येक हात नीट सुकू द्यावा.

३. फवाऱ्याचा डबा वापरायचा तर गच्चीत किंवा मोकळ्या अंगणात, नाकातोंडावर मास्क बांधून. स्वयंपाकघरात, गॅसजवळ किंवा देवापुढे निरांजन तेवत असताना मुळीच नको. हे रंग चटकन पेट घेतात. श्रावणातल्या दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरडा दिवस पाहावा.

४. रंग सुकल्यावर चकचकीत वॉर्निशचा एक हात. नंतर गडद तपकिरी जलरंग ताकासारखा पातळ करून फटींत सोडावा आणि वरचा लगेच ओल्या कापसाने टिपावा. काळा रंग घेऊ नये, तो फार उठून दिसतो.

इथवर सगळं छान झालं. पुढे मात्र माझा हात सुटला. गंजासाठी गेरू घेतला. गेरू आणि गंज दोन्ही लोहाचेच, त्यामुळे रंग अगदी जुळतो. बागेतली चिमूटभर काळी माती मलमलीतून तीनदा चाळली, कारण या प्रमाणात मातीचा साधा कणसुद्धा दगडाएवढा दिसतो. आणि मग चाकं, बॉनेट, काच, सीट, सगळीकडे फासली! मला वाटलं, बागेतली जीप म्हणजे अशीच.

समारंभाच्या आठवडाभर आधी सासूबाईंनी ती टेबलावर पाहिली. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “गाडी ह्यांचीच गं. पण इतकी घाण ह्यांनी कधी ठेवली होती? बागेतून आले की गाडी धुवायचे, मगच जेवायला बसायचे.”

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, “मग ती कुठे झिजली होती, सासूबाई?” त्यांनी एकेक सांगितलं. चढताना पाय लागून दाराजवळची कड. क्लचचं पेडल. स्टिअरिंगचा वरचा भाग. आणि शेजारच्या सीटपुढचा दांडा, कारण खड्ड्यांच्या रस्त्याला त्या तो घट्ट धरून बसत.

मी पुन्हा अस्तरापासून सुरुवात केली. या वेळी भांडी घासायच्या स्पंजाचा कोरडा तुकडा रंगात टेकवून, बराचसा कागदावर पुसून, तेवढ्या चार जागी अलगद टिपला. पेडलवर आणि दांड्यावर शिसपेन्सिलीची पूड बोटाने चोळली, की घासलेल्या लोखंडाची चमक येते. गेरू फक्त पाणी साठतं तिथे, म्हणजे मडगार्डच्या आतल्या कडेला. माती टायरच्या खाचांत. काचेवर धुळीचा भास ठेवला आणि वायपर फिरतो तेवढी कमान ओल्या काडीने स्वच्छ केली. शेवटी मॅट वॉर्निशचा हलका हात. त्याने माती-गेरूची छटा बदलते, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर पाहून घ्यावे.

म्हणून सांगते, आधी विचारा, मग रंगवा. गाडी जुनी दिसते ती वापराने, घाणीने नव्हे. वाटतं त्याच्या निम्मंच करा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी बहुधा तेवढंच पुरेसं वाटतं.

समारंभाच्या दिवशी सासूबाईंनी जीप हातात घेतली आणि करंगळीने तो दांडा चाचपला. आता ती काचेच्या पेटीत, उन्हापासून दूर आहे. खरी धूळ मात्र तिच्यावर बसू द्यायची नाही, असा त्यांचा हुकूम आहे!