पिवळ्या पट्ट्याने फोर्कलिफ्ट थांबत नाही

भिवंडी काय किंवा चाकण काय, मोठ्या गोडाऊनमध्ये गेलात की जमिनीवर पिवळे पट्टे दिसतात. पट्ट्याच्या अलीकडे माणसं, पलीकडे फोर्कलिफ्ट. भिंतीवर एक बोर्ड, "सावध रहा". झाली सेफ्टी!

आता हे यंत्र काय आहे ते बघा. २.५ टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट रिकामी असतानाच साधारण साडेतीन-चार टनांची असते, कारण पुढचा माल तोलायला मागे लोखंडाचं वजन असतं. ती वळते मागच्या चाकांवर, त्यामुळे वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो. शेजारून चालणाऱ्याला वाटतं, गेली बाबा पुढे... आणि नेमका तेव्हाच फटका बसतो. पुढे उंच पॅलेट असेल तर ऑपरेटरला समोरचं दिसत नाही. बॅटरीवाली असेल तर फारसा आवाजही नाही. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंत ती तेवढी पुढे आलेली असते.

अशा ठिकाणी "लक्ष देऊन चाला" हा काय उपाय झाला? शिफ्टच्या आठव्या तासाला कुणाचं लक्ष राहतं हो? आपण सॉफ्टवेअरवाले "चुकीची तारीख टाकू नका" अशी पाटी लावून गप्प बसतो का? ती टाकताच येणार नाही असं बघतो. सेफ्टीचं शास्त्रही हेच सांगतं: आधी धोकाच काढून टाका, नाहीतर कमी धोक्याचं काही वापरा, मग मध्ये अडसर घाला, मग नियम आणि ट्रेनिंग. चमकणारं जॅकेट सगळ्यात शेवटी. आपल्याकडे सुरुवातच जॅकेटपासून!

म्हणून पट्ट्याच्या जागी लोखंडी रेलिंग हवं, माणसांना वेगळं दार हवं, ट्रकवाल्याला थांबायला वेगळी जागा हवी. पैसे लागतात, जागा जाते, मान्य. पण एक गोष्ट आपल्या हातातली आहे. मोठ्या गोडाऊनमध्ये कोणी कधी कुठल्या गल्लीत जायचं हे हल्ली सॉफ्टवेअर ठरवतं. ज्या गल्लीत फोर्कलिफ्टला काम दिलंय, तिथे त्याच वेळी चालत माल काढणाऱ्याला पाठवायचं नाही, एवढी अट कोडमध्ये घालता येते. रेलिंगची जागा ती घेणार नाही, आणि ऑर्डर थोडी उशिरा निघेल. निघू दे की.

तुमच्यापैकी कुणाचा प्रोजेक्ट वेअरहाऊसचा असेल, तर सोमवारी रिक्वायरमेंट उघडून बघा. स्पीडचं टार्गेट पहिल्याच पानावर सापडेल. ही अट कितव्या पानावर आहे?