विहिरीत झिरपतंय काय?



गावात महाराजांचा चातुर्मास असला की चौक्यासाठी विहिरीचं पाणी लागतं. दुहेरी फडक्यातून गाळायचं, जिवाणी त्याच विहिरीत हळुवार परत सोडायची, ४८ मिनिटं झाली की पुन्हा गाळायचं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मला बोलायचंय ते त्या विहिरीबद्दल.

नदीकाठच्या विहिरीला पाझर नदीचा असतो. आणि आपल्या मोरीचं, धुण्याभांड्याचं पाणी, कित्येक घरांच्या संडासच्या टाकीचं वरचं पाणीसुद्धा, गटारातून जातं ते माणगंगेतच. कुळकजाईच्या डोंगरातून निघणारी आपली नदी वर्षातले बरेच महिने कोरडी. मोठ्या नदीत घाण निदान पातळ तरी होते. इथे पात्रात उरतं ते सांडपाणीच, आणि मुरतंही तेच. पूर्वी वाळू तरी पाणी गाळायची. ती वाळू कुठे गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे!

फडक्याने डोळ्यांना दिसणारे जीव वाचतात, पण काविळीचा विषाणू त्यातून सहज पार होतो. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची केवढी साथ आली होती, माणसं दगावली. आपल्यातल्या किती जणींचं माहेर तिकडचं! ही हिपॅटायटिस ई जातीची कावीळ मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरते. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला ती झाली तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला पाच-सहा आठवडे जातात, म्हणून कुठलं पाणी बाधलं ते कळतही नाही. पाणी खळखळून उकळणं हा घरचा उपाय. पण उकळलं म्हणून विहीर शुद्ध होत नाही.

मी कॉमर्सची, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय चैन पडत नाही. भुयारी गटार नसलेल्या गावासाठी माणशी ७० लिटर पाणी धरतात, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं. पाच माणसांच्या घरातून रोज २८० लिटर. आवक आपण थेंबाथेंबाने गाळून घेतो आणि जावक मोकाट.

एका बहिणीने मला विचारलं, शुद्धीकरण केंद्रात तर असंख्य जीव मरतात, मग ते कसं चालेल? प्रश्न चांगला आहे. तिथे पाण्यात हवा सोडून जंतूंकरवीच घाण खाववतात, शेवटी क्लोरीन घालतात. हिंसा आहेच. पण तीच घाण नदीत गेली की जंतू ती खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे तडफडून मरतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीला कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. कमी हिंसा कशात, ते तुम्हीच ठरवा. महाराजांच्या पाच समितींमधली उत्सर्ग समिती मलमूत्र निर्जंतुक जागी, जपून टाकायला सांगते. ते व्रत साधूंचं असलं तरी गृहस्थाने त्यातून काहीच घ्यायचं नाही, असं कुठे लिहिलंय?

पूर्ण गावाचं केंद्र नगरपालिकेनेच उभारायचं, आणि त्यासाठी वॉर्डाच्या सभेत बायकांनीच उठून विचारावं, पुरुष रस्त्यांच्या पुढे जात नाहीत. मोरीच्या पाण्याला मात्र परसात शोषखड्डा पुरतो, विहिरीपासून निदान ५० फूट लांब. संडासचं पाणी त्यात मुळीच सोडायचं नाही, त्या टाकीचा गाळ वेळेवर उपसून घ्यायचा.

आणि माझं स्पष्ट मत, राग आला तरी चालेल. दशलक्षणात कलशाच्या, आरतीच्या बोल्या आपण हौसेने चढवतो. पर्वात शेकडो माणसं जेवतात, त्या भांड्यांचं सगळं पाणी ओढ्यात जातं. यंदा एक बोली भोजनशाळेच्या शोषखड्ड्याची लावा. पाटीवर नाव कोरायचं असेल तर तेही कोरा. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे, कोण कोण हात वर करणार ते आधीच कळवा.