आधी पत्र्याला हात, मग पार्टला

शिर्डीत कम्प्युटरशिवाय चालणारं काउंटर आता क्वचितच दिसतं. लॉजवर भक्तांच्या नोंदी, ई-सेवा केंद्रात दाखले, ट्रॅव्हल्सच्या टेबलावर तिकिटं, प्रसादाच्या दुकानात बिलं आणि माळ्यावर सीसीटीव्हीचा डीव्हीआर. यातलं एखादं यंत्र ऐन गर्दीत अडलं, की स्क्रू काढून पेटी उघडणारा हात बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. कधी मालकाचा, कधी काउंटरवरच्या पोराचा, कधी माझ्यासारख्या रिपेअरिंगवाल्याचा. त्या हातांसाठी हे लिहितो आहे.

मागणं एकच आहे. रॅम, मदरबोर्ड, एसएसडी, कशालाही बोट लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या उघड्या पत्र्याला हात लावा. जागेवरून उठून परत आलात तर पुन्हा लावा.

कारण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. थंडीत अंधारात स्वेटर काढताना चरचर होते, पॉलिस्टरच्या ब्लँकेटखाली ठिणग्या दिसतात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की बोटाला चटका बसतो. शाळेत केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलले होते, तीच ही स्थितिक वीज. घर्षणाने ती अंगावर साठते आणि वाट मिळाली की एका क्षणात निघून जाते.

आपल्याला हा चटका जाणवायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. आतल्या काही चिप मात्र 100 व्होल्टच्याही खाली दगावू शकतात. म्हणजे पार्ट मारणारे बरेचसे झटके आपल्याला कळतसुद्धा नाहीत. म्हणून ‘मला तर काही करंट लागला नाही’ हा पुरावा धरू नका.

हजारो व्होल्टचा झटका बसूनही आपल्याला काही होत नाही, कारण त्यातली वीज अगदी थोडी असते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते. चिपचं तसं नाही. तिच्यातल्या सूक्ष्म स्विचांमध्ये विजेला अडवणारा जो पापुद्रा असतो, तो अवघ्या काही नॅनोमीटरचा. आपला एक केस सुमारे 80,000 नॅनोमीटर जाड. इतक्या पातळ पडद्याला भोक पडायला तेवढी वीज पुरते.

आणि भोक पडलं की पार्ट लगेच मरतोच असं नाही. कधी तो जखमी होऊन चालत राहतो. मशीन मध्येच अडकतं, आपोआप रीस्टार्ट होतं आणि काही महिन्यांनी एके दिवशी बंद पडतं. तोवर आपण पेटी कधी उघडली होती हे कोणाच्याच लक्षात नसतं. दोष कंपनीला, दुकानदाराला, नाहीतर लाइटच्या चढउताराला जातो.

आपला भाग पर्जन्यछायेतला. गुरुपौर्णिमेच्या उत्सवात हवा दमट असते, अंगावर साठलेली वीज त्या ओलाव्यातून विरते. पण दिवाळीनंतर हवा कोरडी होते ती रामनवमी उलटून पावसाळा लागेपर्यंत. एसीच्या खोलीत तर आणखी कोरडी. आणि नेमक्या याच काळात, डिसेंबरअखेरच्या गर्दीत, मशीन अडलं की आपण सर्वांत घाईने पेटी उघडतो. तेव्हा अंगात स्वेटर असतो आणि पायाखाली गालिचा.

ही चूक मी स्वतः केली आहे. अशाच गर्दीच्या दिवसांत एका लॉजवर डिस्प्ले येईना. लोकरी स्वेटर घालून, पॉलिस्टरची चादर टाकलेल्या गादीवर बसून मी रॅम काढली, खोडरबरने खसाखसा घासली आणि परत बसवली. डिस्प्ले आला, सगळे खूश झाले. महिनाभरात तीच रॅम गेली. ती माझ्याच हाताने गेली हे सिद्ध करता येणार नाही. पण रॅम जगावी असं त्या दिवशी मी एकही काम केलं नव्हतं, आणि भुर्दंड मालकाला पडला.

म्हणून आता काय करायचं ते सांगतो. आधी मशीन नीट बंद करा आणि प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढा. नुसत्या बटणावर विसंबू नका. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं आणि फेज आत तशीच राहते. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज उतरेल. एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायची, पेटी मात्र कधीच उघडू नका, तिच्यात प्लग काढल्यावरही जिवाला धोका असतो.

स्वेटर, शाल बाजूला ठेवा. सुती कपडे उत्तम. गादी किंवा गालिच्यावर नको, लाकडी टेबलावर काम करा. आता पत्र्याला हात. दोन हौद नळीने जोडले की पाणी एका पातळीवर येतं, तसं तुम्ही आणि कॅबिनेट एका पातळीवर येता, आणि मधल्या चिपमधून काही वाहायचं कारण उरत नाही. पार्ट कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. दुसऱ्याच्या हातात देताना आधी त्याच्या हाताला हात लावा, मग पार्ट द्या.

खोडरबर सोडा. घासण्याने वीज तयार होते आणि सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो. मोबाइल रिपेअरिंगवाल्यांकडे आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, असतं, त्यात कापूस किंचित भिजवून हलकं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ते पेट घेतं, म्हणून देव्हाऱ्यातला दिवा आणि उदबत्ती दूर असू द्या. धूळ झाडायला नायलॉनचा ब्रश नको आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको.

पार्ट शर्टच्या खिशात, कॅरीबॅगमध्ये किंवा थर्मोकोलवर ठेवू नका. तो ज्या चंदेरी-करड्या पिशवीतून आला, तीच त्याचं चिलखत. ती फेकू नका. गुलाबी पिशवी स्वतः वीज तयार करत नाही, पण बाहेरचा झटका अडवत नाही. चंदेरी पिशवी अंथरून तिच्यावर बोर्ड चालू करू नका, शॉर्ट होऊ शकतो.

ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांनी रिस्ट स्ट्रॅप वापरावा. त्याच्या दोरीत 1 मेगाओहमचा रेझिस्टर असतो. अंगावरची वीज त्यातून हळूहळू उतरते आणि चुकून मेन लाइनला हात लागला तर करंट मर्यादित राहतो. पैसे वाचवायला मनगटाला साधी तार बांधून ती अर्थिंगला जोडू नका. पार्ट वाचेल, माणूस जाईल. आणि वर्षातून एकदा वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो.

मालकांनो, मेकॅनिक आला की त्याचे हात बघा. पत्र्याला न शिवता तो रॅम उपटू लागला, तर दादा म्हणून थांबवा. यात त्याचा अपमान नाही, वस्तू तुमची आहे. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या सरांनाही विनंती आहे, पोरांना स्क्रू काढायला शिकवण्याआधी ही सवय लावा.

यासाठी पैसा लागत नाही, दोन सेकंदांची सबुरी लागते. पुढच्या वेळी कॅबिनेटचं झाकण उघडाल तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला मार्करने दोन शब्द लिहून ठेवा: आधी पत्रा. 31 डिसेंबरच्या रात्री मंदिर उघडं असतं, काउंटरसमोर रांग असते आणि मशीन अडतं, तेव्हा हा लेख कोणाला आठवणार नाही. झाकण मात्र उघडावंच लागेल.